गाळलेली ओळ

मार्गशीर्ष सरत आला की कल्याणच्या बाजारात वालाच्या ओल्या शेंगा येतात. घरात पेपर पसरून माझी सून शेंगा सोलायला बसते आणि तो हिरवट, किंचित उग्र वास सगळ्या खोल्यांतून फिरतो. तिची उसळ चांगली होते, शेजारपाजारचे मागून नेतात. मी मात्र चार घास खाऊन उठतो. ‘बाबांना वाल सोसत नाहीत’ असं घरात कधीचं ठरून गेलं आहे. ते खरंही आहे. फक्त का सोसत नाहीत, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा ते सांगण्याची वेळ आली, कारण गेल्या महिन्यात मला एका सभेला बोलावणं आलं. नदीकाठाने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक हिरवी वाट करायची आहे, तिचा आराखडा नागरिकांना दाखवायचा होता. मी एके काळी नकाशे काढायचो हे कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. पहिल्या रांगेत खुर्ची, हातात गुलाबाचं फूल. तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत होती. दोन्ही बाजूंना झाडं, मधून एक पट्टा सायकलींचा, एक पायी जाणाऱ्यांचा. फार मन लावून काम केलं होतं तिने. मध्येच माझ्याकडे वळून तिने विचारलं, “काका, तुमच्या काळी असं काही कुणाला सुचलं होतं का?”

“सुचलं होतं,” मी म्हणालो.

लोक कौतुकाने हसले. मुलगी पुढे सांगू लागली की काठाच्या जमीनमालकांकडून संमतीपत्रं घ्यायला सुरुवात झाली आहे, आणि लोक आनंदाने सह्या देत आहेत. ‘संमतीपत्र’ हा शब्द ऐकल्यावर मला तिथे बसवेना. काठी घेऊन मी बाहेर आलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटत नसेल.

स्वातंत्र्य येऊन सातआठ वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो. घर पारनाक्याला, आणि नोकरी एका कचेरीत नकाशे काढण्याची. कल्याण तेव्हा नुकतंच आपल्या अंगाबाहेर वाढू लागलं होतं. फाळणीनंतर आलेली माणसं पलीकडच्या कॅम्पात राहत होती, शहाडकडे नदीकाठी कारखाने उभे राहत होते, आणि या सगळ्यांना मिळून रस्ता होता एकच. कामावर निघालेले सायकलवाले, डोक्यावर गाठोडी घेतलेले कॅम्पातले फेरीवाले, भाजीच्या पाट्या घेऊन झपझप चालणाऱ्या आगरी बाया, बैलगाड्या आणि ट्रक, सगळं त्या एका रस्त्यावर. ट्रक गेला की पांढरी धूळ उठायची आणि काही क्षण कुणालाच काही दिसायचं नाही. अशाच धुळीत एका सकाळी सायकलवरून कामाला निघालेला एक माणूस ट्रकखाली गेला. त्याचा डबा रस्त्याच्या कडेला तसाच, न उघडलेला पडला होता. तो मी पाहिला होता.

आमचे साहेब करंदीकर, निवृत्तीला आलेले, स्वतः सायकलवरून कचेरीत येणारे गृहस्थ. त्यांनीही तो डबा पाहिला होता. त्यानंतर आठच दिवसांनी त्यांनी मला बोलावून टेबलावर नदीचा जुना नकाशा पसरला.

“हे बघ,” ते म्हणाले, “ट्रकांचा रस्ता ट्रकांना राहू दे. आपण नदीच्या कलाने दुसरी वाट काढू. गावाच्या वेशीपासून शहाडच्या पुलापर्यंत. त्या वाटेवर माणसाने चालावं नाहीतर सायकल चालवावी, तिसरं काही नाही. आणि डोक्यावर सावली हवी. उन्हातून कामावर पोचलेला माणूस अर्धा दमलेला असतो.”

त्या वाटेला त्यांनी नाव दिलं, छायामार्ग. मला ते नाव इतकं आवडलं की मी ते नकाशाच्या माथ्यावर तीनदा खोडून चौथ्यांदा मनासारखं लिहिलं. झाडांसाठी हिरवी शाई घेतली. साहेबांनी नकाशा खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, “रेघ चांगली आहे तुझी.” एवढं एक वाक्य. पण वडील लहानपणी गेलेल्या आणि काकांच्या घरात वाढलेल्या मुलाला ते किती होतं, हे आता सांगूनही कळायचं नाही. पुढे जे झालं त्याला ही सबब म्हणून मी सांगत नाही. कुठून सुरुवात झाली ते सांगतो आहे.

मग मोजणी सुरू झाली. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. भाताच्या रानात उरलेल्या ओलीवर वाल टाकलेले होते आणि ते वर आले होते. सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा नदीवर धुकं असायचं. मोजणीची लोखंडी साखळी दवाने भिजून इतकी गार व्हायची की ती धरणारे दोघे गडी धोतराच्या सोग्याने धरत. शहाडच्या बाजूने कारखान्याचा भोंगा व्हायचा, बांधावरचे बगळे एकदम उठायचे आणि थोडं पुढे जाऊन परत बसायचे. उन्हं चढली की जमिनीचा, पेंढ्याचा आणि वालाच्या फुलांचा असा एक मिसळलेला वास यायचा. मी इतका सुखी त्यापूर्वी नव्हतो, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारसा झालो नाही. मला त्या हंगामाची लाज वाटते आणि तो आठवला की आनंदही होतो. दोन्ही एकाच वेळी कसं होतं याचा उलगडा मला या वयातही झालेला नाही.

नदीकाठाला सात जणांची शेतं होती. काठाची पट्टी त्यांनी वाटेसाठी सोडायची, एवढंच मागणं होतं. सातांतलं शेवटचं शेत पदाजी भोईर यांचं. वय साठीचं, अंगाने काटक, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा माणूस. त्यांच्या काठावर जांभळांची रांग होती, आजाने लावलेली. साहेबांचा छायामार्ग नकाशावर कुठे खरोखर सावलीतून जात असेल तर तो तिथेच. बाकी सगळीकडे झाडं लावायची होती.

दुपारी आम्ही त्या जांभळांखाली डबे सोडायचो. तिसऱ्या दिवशी पदाजी म्हणाले, “साहेब, गार चपाती काय खातांव? घरान चला.” मी बावीस वर्षांचा पोर, पण ते मला साहेब म्हणायचे. त्यांच्या ओटीवर मी तांदळाची गरम भाकरी आणि सुकट घातलेलं वालाचं कालवण जेवलो. आमच्या घरात सुकट येत नसे. ती मी तिथे पहिल्यांदा खाल्ली, आवडली म्हणून परत मागितली, आणि घरी आईला ते कळू दिलं नाही.

वाढायला त्यांची सून होती. तारा तिचं नाव. डोंबिवलीकडच्या एका गावातून गेल्याच वैशाखात लग्न होऊन आलेली, अठराएकोणीस वर्षांची. माहेरी शाळा होती म्हणून चौथी पास झालेली. त्या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. तिचा नवरा कारखान्यात मजूर होता, तोही अंगठाच उठवायचा. पदाजींना सुनेचं भारी कौतुक. गुळाच्या पुडीचा कागददेखील ती वाचल्याशिवाय चुलीत घालत नाही, असं ते सांगायचे. एकदा माझ्या हातातला नकाशा त्यांनी तिच्यापुढे धरायला लावला.

“वाच गो, काय लिवलाय?”

पदर सावरून ती उंबऱ्याशी आली आणि न अडखळता वाचलं, “प्रस्तावित छायामार्ग.” मग सासऱ्यांना हळूच विचारलं, “प्रस्तावित म्हंजे?”

“म्हणजे अजून झालेला नाही, व्हायचा आहे,” मी सांगितलं.

तिने मान हलवली आणि तो शब्द स्वतःशी एकदा पुटपुटली. पदाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू परीक्षा मीच घेतली होती आणि ती पास झाली होती. हे मी मुद्दाम सांगतो आहे. तिला किती चांगलं वाचता येतं, हे मला माहीत होतं.

संमतीपत्रं छापील होती. वर नाव आणि शेताची हद्द हाताने भरायची, बाकी मजकूर सगळ्यांना सारखा. साहेबांनी बजावलं होतं, “प्रत्येकाला पूर्ण वाचून दाखव. समजावून सांग. मगच अंगठा.” पदाजींचा अंगठा घ्यायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांचं पत्र भरत होतो. आधीची सहा भरताना मी छापील भागाकडे पाहिलंच नव्हतं. त्या सहा जणांना मी ते अर्थाकडे लक्ष न देता भराभर वाचून दाखवलं होतं आणि त्यांनी भराभर अंगठे दिले होते. त्या दिवशी मात्र माझी नजर शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबली. ‘सदर पट्टी वाहनांच्या रस्त्यासह कोणत्याही सार्वजनिक कामासाठी वापरण्यास व गरज पडल्यास रुंद करण्यास आमची हरकत नाही.’

मी हेडक्लार्कना विचारलं. ते म्हणाले, “अरे, ते छापील असतं. सगळ्याच कागदांवर असतं. तू नकाशे काढ.”

साहेबांना विचारायला हवं होतं. शेजारच्याच खोलीत ते बसले होते. मी गेलो नाही. साहेबांनी ते पत्र परत छापायला लावलं असतं, सहा जणांचे अंगठे परत घ्यावे लागले असते, महिनादोन महिने गेले असते, कदाचित सगळंच बारगळलं असतं. आणि पदाजी तर हटकून विचारणारच, हे मला ठाऊक होतं.

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी ओटीवर घोंगडी अंथरली होती. पदाजी, त्यांचा मुलगा, शेजारचे दोघेतिघे बसले होते. मी बसकण मारून पत्र हातात धरलं. तारा माझ्या मागे दाराशी उभी होती. मी काही वाचायच्या आधीच पदाजी म्हणाले, “साहेब, यान मोटारी तं नाय ना जानार? मोटारी जानार आसतील तं जांभली नाय रहाची.”

“नाही बाबा,” मी म्हणालो. “माणसं चालतील आणि सायकली जातील. दोन्ही टोकांना दगडी खांब पुरणार आहोत, बैलगाडीसुद्धा आत शिरणार नाही.”

यातलं काहीच खोटं नव्हतं. त्या घडीला तसंच ठरलेलं होतं. मग मी पत्र वाचायला घेतलं. स्पष्ट, खणखणीत आवाजात वाचलं. शेवटून दुसऱ्या ओळीशी आलो आणि माझा आवाज जराही न बदलता शेवटच्या ओळीवर गेला. ते इतकं सोपं होतं. पदाजींनी अंगठा पुढे केला. मागे दाराशी बांगड्या वाजल्या. मी वळून पाहिलं नाही, पण मला कळलं होतं की तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आहे.

इथवर जे झालं त्याची लाज मी कदाचित पेलू शकलो असतो. काम अडू नये म्हणून, चांगल्या वाटेसाठी, साहेबांसाठी, असं काहीबाही स्वतःला सांगत आलो असतो. पण त्यानंतर पाचसहा दिवसांनी खुंट्या ठोकायला आम्ही परत गेलो. त्या दिवशी करंदीकर साहेबही सोबत होते. जांभळांच्या सावलीत काठी टेकून ते उभे होते आणि सावली कुठवर पडते ते पायाने खूण करून मला दाखवत होते. पदाजी आले. मागे मुलगा, शेजारी, आणि थोड्या अंतरावर डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली तारा. पदाजी संकोचून हसत होते.

“साहेब, राग नको मानू. आमची सून बोलतं, कागदान मोटारीच्या रस्त्याचा लिवलाय आनि तुमी ता वाचला नाय. मी बोललो तिला, साहेब खोटा कशाला वाचतील?”

करंदीकर साहेब माझ्याकडे वळले. “पूर्ण वाचून दाखवलं होतंस ना?”

“हो साहेब,” मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तिथे सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो. आणि पदाजींना म्हणालो, “बाबा, सरकारी मराठी निराळी असते. चौथीच्या पुस्तकातल्यासारखी नसते. तिने काहीतरी भलतंच लावलं असेल. अर्धवट वाचता आलं की असं होतं.”

मी हे तिला म्हणालो नाही. ती ऐकत असताना तिच्या सासऱ्यांना म्हणालो. पदाजींचा जीव भांड्यात पडला. शेजारी हसले, तिचा नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला. “घे,” तो मागे वळून म्हणाला, “मोठी मास्तरीन.” तारा वळली. हंडा हलू नये म्हणून मान ताठ ठेवून ती तशीच घराकडे गेली. पाण्याचा थेंब सांडला नाही. करंदीकर साहेब पुन्हा सावलीकडे वळले आणि म्हणाले, “हं, तर इथे पहिली खुंटी.”

त्यानंतर त्या ओटीवर मी बरेचदा जेवलो. वाढायला तिच्या सासूबाई यायच्या.

छायामार्ग झाला. पुढच्या आषाढात करंज, शिरीष आणि रानभेंडीच्या झाडांची रोपं लागली, दिवाळीपर्यंत खडी बसली, दोन्ही टोकांना दगडी खांब उभे राहिले. ज्या दिवशी वाट खुली झाली त्या सकाळी मी शहाडच्या बाजूला उभा होतो. भोंगा झाला आणि सायकली आल्या. एकामागून एक, हँडलला डबे लटकवलेल्या, घंटा न वाजवता, कारण वाजवायची गरजच नव्हती. कडेने बाया पाट्या घेऊन गप्पा मारत चालल्या होत्या. एरवी त्या रस्त्यावर कुणी गप्पा मारताना मी पाहिलं नव्हतं, सगळ्यांचं लक्ष मागून येणाऱ्या ट्रककडे असायचं. करंदीकर साहेब सायकलवरून सगळी वाट जाऊन आले आणि खाली उतरले. चष्मा पुसत राहिले.

ती वाट तीन हिवाळे टिकली. दुसऱ्या वर्षीच साहेब निवृत्त होऊन भावाकडे साताऱ्याला गेले. तिसऱ्या वर्षी नवे अधिकारी आले, कारखाने वाढले, ट्रकांना जुना रस्ता पुरेना. छायामार्गाची फाईल मागवली गेली. नव्या साहेबांनी संमतीपत्रं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि समाधानाने म्हणाले, “बरं झालं, हे आधीच घेऊन ठेवलंय तुम्ही.” मग त्यांनी मला नवी रेघ काढायला सांगितली, आधीच्या चौपट रुंदीची. मी काढली. माझी रेघ चांगली होती. पदाजींच्या हद्दीत ती जांभळांवरून गेली आणि वालाच्या अर्ध्या शेतावरून गेली.

खांब उपटण्याच्या आदल्या आठवड्यात पदाजी कचेरीत आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. कचेरीत ते पहिल्यांदाच येत होते. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश प्यायला.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमी बोललेलाव, मोटारी नाय जानार.”

“बाबा, तेव्हा तसंच होतं. आता वरून हुकूम आलाय.”

“ता खरा. तुमचा काय दोस.” त्यांनी रिकामी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “ता कागद परत एकदा वाचून दाखवाल? सगला?”

फाईल माझ्याच टेबलाच्या खणात होती. माझा गुडघा त्या खणाला लागलेला होता.

“फाईल साहेबांकडे आहे,” मी म्हणालो.

“बरा,” म्हणून ते उठले. दाराशी जाऊन मागे वळले आणि मला म्हणाले, “येत जा घरान. रस्त्याचा काय, मानूस महत्त्वाचा.” मी गेलो नाही. जांभळं तोडली त्या दिवशी मी रजा घेतली. त्यानंतर दोनतीन वर्षांत पदाजी वारल्याचं कानावर आलं, तेव्हाही मी गेलो नाही. माझी बढती झाली, लग्न झालं, मुलं झाली, मी निवृत्त झालो. शहाडला जाताना मी पुढे आयुष्यभर दुसऱ्या बाजूने गेलो. कुणी विचारलं तर तिकडे ट्रक फार असतात म्हणून सांगायचो.

माणसं म्हणतात, काळ जातो तसं सगळं बोथट होतं. माझा अनुभव तसा नाही. पट्टी गेली, झाडं गेली, ती कधीतरी गेलीच असती. मी ती ओळ वाचली असती तरी त्या ट्रकांनी आपला रस्ता कुठून ना कुठून काढलाच असता. पण त्या मुलीला वाचता येत होतं, आणि तिला येत नाही असं मी सांगितलं. याला कुठलाच हुकूम वरून आलेला नव्हता.

सभेतून निघून आल्यावर चार दिवस मी घरात फेऱ्या घातल्या. पाचव्या दिवशी दुपारी रिक्षा करून गेलो. भोईरांचं घर विचारल्यावर लगेच सापडलं. रस्त्याला लागून तीन मजली इमारत, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावर तारा. नऊवारीतच होती, केस पूर्ण पांढरे. खुर्चीवर बसून टीव्ही बघत होती, आवाज मोठा. मी नाव सांगितलं, कचेरीचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं. तिने टीव्ही बंद केला.

“ते साहेब,” ती म्हणाली. “बसा.”

मी बसलो. काय बोलायचं ते मी रिक्षात दहादा ठरवलं होतं. ते आठवेना. शेवटी म्हणालो, “त्या दिवशी तुम्ही बरोबर वाचलं होतं. ती ओळ कागदात होती. मी गाळली. मला माहीत होतं की तुम्ही वाचलीय. तरी मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं.”

ती बोलली ते हळू, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल सांगते आहे.

“मना वाटला, मनाच समजला नाय. साहेब शिकलेले, साहेब कशाला चुकतील. त्याच्यानंतर मी कागद हातान घेतला नाय. पोरा शालेन जेली, त्यांची पुस्तका नवऱ्याला दाखवा बोलायची, त्याला तं वाचताच येत नव्हता. गाडीवरची पाटी पन दुसऱ्याला इचारायची. सगली बोलतान, आमची आई अडानी.” ती थांबली. “रस्ता झाला तवा सासरा बोलला, पोरी, तू वाचलेला ता खरा होता का गो? मी बोलली, नाय बाबा, मना कुठं वाचता येतं.”

पदाजी जाताना काय मनात घेऊन गेले, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना खरं सांगू शकणारं एकच माणूस त्या घरात होतं, आणि त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला होता.

“माफी मागायला आलोय,” मी म्हणालो.

तिने आत वळून हाक मारली. तिचा मुलगा आला, पन्नाशीचा, सोन्याची साखळी घातलेला. पाठोपाठ सून, आणि कॉलेजात जाणारी नात.

“हे काय बोलतान ते ऐका,” तारा म्हणाली. “साहेब, सांगा.”

मी त्या तिघांकडे बघून सगळं परत सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत मुलगा अवघडून म्हणाला, “जाऊ द्या ना काका. एवढं जुनं झालंय. त्या टायमाला चालायचंच असं. आई, तू पण ना.”

“तू गप रे,” ती म्हणाली. मग मला म्हणाली, “मोठ्यान सांगा. माजा नाव घेऊन सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. तारा भोईर यांना वाचता येत होतं. त्यांनी वाचलं ते बरोबर होतं. मी खोटं बोललो. नात भिंतीला टेकून उभी होती, तिने हातातला फोन खाली केला आणि आजीकडे पाहिलं. मुलगा खिडकीतून बाहेर बघू लागला. खालून एक ट्रक गेला आणि काचा थरथरल्या.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा ‘आता जाऊ द्या’ म्हणेल. आमच्या पिढीच्या बायका म्हणतात तसं. मी बहुधा तेच ऐकायला गेलो होतो. ती म्हणाली, “झाला तुमचा? आता जावा. मना माज्या पोरांशी बोलाचा हाय.”

पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं. मी कठड्याला धरून जिना उतरलो. अर्ध्यावर दम लागला म्हणून थांबलो, तर वरून तिचा आवाज येत होता. वर चढत जाणारा, कुणाला मध्ये बोलू न देणारा. इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते. आणखी एक पायरी वर गेलो असतो तर कळले असते. मी खाली उतरलो.